आतला समास

अभिलेखागाराला अनुदान मंजूर झालं हे बाईंना कळलं, तेव्हा त्या हातात ओलं फडकं घेऊन दुसऱ्या मजल्यावर उभ्या होत्या. गच्चीवरची पाण्याची टाकी पाझरायची. तिच्या बरोबर खालच्या कपाटांवर प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्यावर साचलेलं पाणी रोज सकाळी टिपून घ्यायचं काम बाईंनी स्वतःकडे ठेवलं होतं. शिपायाला सांगितलं की तो प्लास्टिकचं टोक धरून झटकायचा आणि सगळं पाणी कागदांवर जायचं.

बाई तिथल्या अभिलेखपाल. सरकारी कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून, बंद पडलेल्या कारखान्यांतून येणारे जुने कागद लावायचे, जपायचे आणि कोणी मागितले की शोधून शिक्का मारलेली नक्कल द्यायची, हे त्यांचं काम. दर वर्षी त्या वर मागणी पाठवायच्या. टाकी दुरुस्त करा, कपाटं द्या, बाइंडरची जागा कायम करा. दर वर्षी उत्तर यायचं की मागणीची नोंद घेण्यात आली आहे. त्यांचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणायचा, "नोंदी ठेवणारं खातं तुमचं. नोंद घेतली म्हणतात, आणखी काय पाहिजे तुला?"

या वेळी मात्र खरोखरच पैसे आले होते आणि ते चांगले घसघशीत होते. संचालकांनी बाईंना खोलीत बोलावून पत्र पुढे सरकवलं.

"वाचा. आणि जरा हसा. इतक्या वर्षांनी देव पावलाय."

बाईंनी पत्र वाचलं. पैसे कागद स्कॅन करून संगणकावर चढवण्यासाठी होते, फक्त त्यासाठीच. टाकीवर त्यातली दमडीही खर्च करता येणार नव्हती. काम मान्य यादीतल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं होतं आणि आर्थिक वर्ष सरायच्या आत संपवायचं होतं, नाहीतर पैसे परत. शेवटी बारीक अक्षरात एक अट होती. हंगामी माणसं कमी करून कायमचा खर्च घटवल्याचा दाखला कार्यालयाने आधी द्यावा.

"हंगामी माणूस आपल्याकडे एकच आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच अट सोपी आहे," संचालक म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि हातून काहीतरी झालं असं त्यांना जाता जाता दाखवायचं होतं.

तो एकच माणूस म्हणजे खळकाका. खरं नाव पगाराच्या पावतीवर असायचं, पण तोंडात सगळ्यांच्या खळकाकाच. मागच्या व्हरांड्यात स्टोव्हवर ते मैद्याची खळ शिजवायचे, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे आणि विस्कटलेले कागद शिवून त्यांचे खंड बांधायचे. स्वभाव मुलखाचा तिरसट. वाचकाने बोटाला थुंकी लावून पान उलटलं तर तिथल्या तिथे त्याची अब्रू काढायचे. नवीन माणसाला ते स्वतःची ओळखच अशी करून द्यायचे, "खळ म्हणजे चिकटवायची, आणि खळ म्हणजे दुष्ट. आमच्याकडे दोन्ही मिळेल."

बाई व्हरांड्यात गेल्या तेव्हा ते खळ ढवळत होते.

"काका, अनुदान आलंय."

"म्हणजे टाकी होणार."

"टाकी नाही. कागद स्कॅन करायचेत."

खळकाकांनी ढवळणं थांबवलं नाही. "आणि माझं काय?"

बाईंनी जिन्यात एक वाक्य जुळवलं होतं, ते ऐनवेळी आठवेना. "अट आहे. हंगामी माणसं कमी केल्याचा दाखला द्यायचाय."

"कोणी द्यायचा?"

"मीच."

"मग द्या की. अक्षर छान आहे तुमचं."

त्यांनी सुया, दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि चष्मा पिशवीत टाकला. निघताना स्टोव्ह बंद केला नाही. खळ करपल्याचा वास दुपारपर्यंत वाचनकक्षात येत होता.

ठेकेदार तरुण होता, अंगाने सडपातळ आणि बोलायला लोण्यासारखा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅडम'. त्याला थंड हवेची खोली हवी होती, ती मिळाली. विजेची वेगळी तार हवी होती, ती दुसऱ्याच दिवशी आली. बाईंनी कपाटांसाठी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या होत्या. कार्यालयाने ठेकेदाराचं नाव ठेवलं जावईबापू.

त्याचं यंत्र सुटे कागद भराभर गिळायचं, पण बांधलेला खंड त्याला चालत नसे. म्हणून आधी खंडाची पाठ कापून कागद सुटे करायचे. त्यासाठी कटिंग मशीन आलं, हातभर लांब पात्याचं. ते चालवायला ठेकेदाराने आपला माणूस आणला आणि बाई दारातच थबकल्या. खळकाका पात्याला तेल देत होते.

"जाड ठोकळा इतका सरळ कापणारा दुसरा माणूस गावात नाही, मॅडम," जावईबापू म्हणाला.

"नमस्कार, बाई," खळकाका म्हणाले. "घाबरू नका. मी ठेक्याचा माणूस. तुमच्या खर्चात धरायचा नाही."

बाईंना वेगळीच काळजी होती. बरेच जुने खंड अगदी शिवणीपर्यंत लिहिलेले होते. त्यातही सरकारी पत्रा कारखान्याची हजेरीपत्रकं. हा कारखाना छपरासाठी सिमेंटचे पत्रे बनवायचा आणि बंद पडल्यावर त्याचं सगळं दप्तर इथे आलं होतं. हजेरीच्या छापील कागदावर विभागाचा रकानाच नव्हता. तो लिहायचा हुकूम मागाहून निघाला, तेव्हा कारखान्याच्या कारकुनांनी आतल्या बाजूच्या कोऱ्या समासात रेघ मारून आकडे भरले. कोण कामगार कुठल्या विभागात, हे फक्त त्या समासात होतं. सुटे कागद आले तेव्हा खळकाकांनीच ते घट्ट शिवले होते. पाठ कापली की समास जाणार.

"हे खंड कापू नका. टाके उसवून काढा," बाईंनी ठेकेदाराला सांगितलं.

"उसवायला आमच्या दरपत्रकात ओळ नाही, मॅडम. कापायला आहे."

बाईंनी टिपणी लिहिली. कोणते खंड हाताने उसवायचे, का उसवायचे, सगळं मुद्देसूद. संचालकांनी खाली शेरा मारला, 'मान्य. मात्र कोणताही जादा खर्च न करता.' सरकारी नोकरीत केस पिकलेल्या बाईंना त्या शेऱ्याचा अर्थ कळत होता. काम करा असं त्यात म्हटलं होतं आणि करू नका असंही. त्यांनी टिपणीची एक प्रत ठेकेदाराला दिली, एक कटिंग मशीनच्या वरच्या भिंतीवर चिकटवली आणि एक फायलीला लावली.

घरी नवऱ्याने विचारलं, "तारीख टाकलीस ना?"

"टाकली."

"मग तुझ्या अंगावर काही येत नाही."

सुरुवातीला बाई रोज जाऊन उभ्या राहायच्या. कारखान्याचे खंड हाती यायच्या आधी खळकाकांनी त्यांच्यासमोर दुसऱ्या दप्तरांचे दोन-तीन खंड उसवलेही. एकेक टाका सुईने उचलून कापायचा, दोरा ओढायचा, जुनी खळ ओलवून कागद सोडवायचा. एका खंडात अख्खी सकाळ जायची आणि तेवढ्यात बाजूला जावईबापू घड्याळ बघत फेऱ्या मारायचा. मग वर्षअखेर जवळ आली. वरच्या कार्यालयाला रोज प्रगतीचा तक्ता हवा झाला आणि बाईंना तिकडे बैठकांना बसवून घेऊ लागले. त्या परत आल्या तेव्हा ठेक्यात घेतलेली कपाटं रिकामी होती आणि सुट्या कागदांचे गठ्ठे सुतळीने बांधून भिंतीला लावले होते. जिन्याखाली कापलेल्या पट्ट्यांची पोती होती. ती रद्दीवाला दुपारी घेऊन गेला.

काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर बाईंची सही लागणार होती. त्यांनी गठ्ठे मोजले. इकडचे तिकडचे काही सुतळी सोडून पाहिले, ठीक होते. कारखान्याचे गठ्ठे मात्र त्यांनी सोडले नाहीत. सोडले असते तर कदाचित सही करता आली नसती, आणि सही झाली नसती तर पैसे परत गेले असते. संचालक पेन धरून उभे होते. बाईंनी सही केली.

मग समारंभ झाला. आदर्श अभिलेखागार म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. सुटे कागद पुन्हा बांधायचं काम पुढच्या टप्प्यात होणार होतं. पुढच्या टप्प्याला पैसे मिळाले नाहीत. बाईंनी मागणी पाठवली आणि तिची नोंद घेण्यात आली.

बाईंची धाकटी बहीण त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. नवरा वारलेला, मुलगा परगावी. धाकटी लहानपणापासून फटकळ. शिकायचा कंटाळा, म्हणून शाळा सोडून पत्र्याच्या कारखान्यात लागली होती, आणि ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते असं ती अजून म्हणायची. स्वतःचा पगार, मैत्रिणींचा घोळका, सुट्टीच्या दिवशी नवी चप्पल. तिचं काम विभाग चारमध्ये होतं. तिथे परदेशातून आलेल्या तंतूंची पोती फोडून हौदात ओतायची. कामगार त्याला पांढरी खोली म्हणायचे, कारण आत गेलेली बाई बाहेर येताना भुवयांपर्यंत पांढरी होऊन यायची. धाकटी दारात उभी राहून म्हणायची, "ताई, बघ, म्हातारी झाले," आणि आई तिला अंगणातच कपडे झटकायला लावायची.

आता तिला तळमजल्यावरून रस्त्यापर्यंत जायचं तरी वाटेत थांबावं लागत होतं. खोकला आधी सर्दीचा वाटला, मग दम्याचा. शेवटी मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे काम करत होता?"

पांढऱ्या खोलीतल्या अशा पुष्कळ जणी निघाल्या, सगळ्यांच्या फुप्फुसात तेच तंतू. कोणीतरी न्यायालयात गेलं आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. विभाग चारमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला सरकारने जन्मभर औषधपाणी आणि दरमहा निर्वाहभत्ता द्यावा. पुराव्यासाठी हजेरीपत्रकाची शिक्क्याची नक्कल जोडायची होती, त्यावर विभाग दिसला पाहिजे. अर्ज तपासायला दावा मंडळ नेमलं गेलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून अभिलेखागाराच्या खिडकीशी रांग लागली. जिना चढून आलेल्या बायका आधी बाकावर बसून श्वास गोळा करायच्या, मग बोलायच्या.

बाईंनी संगणकावर पहिली धाकटीचीच पानं काढली. नाव सापडलं. महिनाभराच्या हजेरीच्या खुणा ठसठशीत दिसत होत्या. पण पान नावापाशीच सुरू होत होतं, नावाचं पहिलं अक्षर अर्धं कापलेलं. त्याच्या अलीकडे काही नव्हतं. त्यांनी पुढचं पान काढलं, त्याच्या पुढचं काढलं. मग त्या वर गेल्या आणि गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडू लागल्या. सगळे कागद तितकेच अरुंद होते. कापले मात्र होते अगदी सरळ.

संध्याकाळी धाकटीने विचारलं, "सापडलं?"

"नाव सापडलं."

"मग झालं तर."

"विभाग नाही."

धाकटी खाटेवर उशांना टेकून बसली होती. "नाही म्हणजे? मी काय हवेत पोती फोडली?"

बाई दुसऱ्या दिवशी खळकाकांना शोधायला गेल्या. ठेका संपल्यावर ते एका छापखान्यात लागले होते. शाळेच्या वह्यांच्या कडा कापायचं काम होतं. बाईंना पाहून त्यांनी यंत्र बंद केलं आणि हात पुसत बाहेर आले.

"पत्रा कारखान्याचे खंड," बाई म्हणाल्या. "मी भिंतीवर लिहून लावलं होतं."

"वाचलं होतं."

"तरी कापलेत."

"कापले." खळकाका पायरीवर बसले. "खंडामागे दर होता, बाई. उसवून दिला तरी तोच, कापून दिला तरी तोच. उसवायला सकाळ जाते. जावईबापूने सांगितलं, उद्यापासून उसवत बसलास तर येऊ नकोस. मला आधीच एकदा येऊ नकोस म्हणून सांगितलेलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायची ताकद नव्हती."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही होतात कुठे? आणि आल्यावर गठ्ठे मोजलेत, तेव्हा मी तिथेच उभा होतो. म्हटलं, आता सोडतील, आता सोडतील. तुम्ही सोडलेच नाहीत." त्यांनी नखातली शाई काडीने कोरली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"तुम्ही मंडळापुढे येऊन एवढं सांगाल का?" त्यांनी शेवटी विचारलं. "रकाना होता आणि तो कापला गेला, एवढंच."

"आणि मग धरतील कोणाला? जावईबापूला? संचालकांना?" खळकाका उठले. "ते खंड शिवले तेव्हा माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. कापताना मला आनंद झाला नाही, एवढं तुमच्यापाशी बोलतो. मंडळापुढे नाही बोलायचो."

घरी आल्यावर बाईंनी धाकटीला सगळं सांगितलं. दरपत्रक, टिपणी, शेरा, बैठका, न सोडलेले गठ्ठे.

"म्हणजे तू लिहून ठेवलं होतंस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"कोणासाठी?"

बाईंनी तिच्या रात्रीच्या गोळ्या मोजून वाटीत ठेवल्या.

"बरं, ते जाऊ दे," धाकटी म्हणाली. "शिक्का तुझ्याच टेबलावर असतो ना? लिही की ही बाई विभाग चारमध्ये होती. तू मला पांढरी झालेली रोज बघत होतीस. खोटं कुठे आहे त्यात?"

"तुझं मला माहीत आहे. रांगेत बाकीच्या आहेत, त्यांचं माहीत नाही. तुला दिलं तर त्यांना काय सांगू?"

"सांग की तुमची बहीण इथे नोकरीला नाही." धाकटीला खोकल्याची उबळ आली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने खांद्यानेच झटकला. उबळ ओसरल्यावर ती म्हणाली, "माझ्या औषधाचे वांधे झालेले तुझ्या नियमात बसतं. मी मेले तरी बसेल."

त्या रात्री बाईंनी नवऱ्याला सांगितलं की मंडळापुढे आपण स्वतःच साक्ष देणार. नवरा वह्या तपासत होता. त्याने पेन ठेवलं. "टिपणी आहे तुझ्याकडे. तेवढी दाखव आणि गप्प राहा."

"गठ्ठे न सोडता सही केली, हे टिपणीत नाही."

"ते तुला कोणी विचारलेलं नाही."

संचालकांनीही तेच सांगितलं. "टिपणीने तुम्ही तरलात. आता उगाच पाण्यात उतरू नका." पण बाई गेल्या.

दावा मंडळ एका जुन्या सभागृहात बसायचं. पंखे गरगरत होते आणि ध्वनिक्षेपक मध्येच खरखरायचा. मागच्या बाकांवर कारखान्यातल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. धाकटीही आली होती, शेजारणीच्या हाताला धरून. बाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. आतल्या समासात विभागाचा रकाना होता, आमच्या इमारतीत तो कापला गेला, गठ्ठे उघडून न बघता मी काम पूर्ण झाल्याची सही केली. कागदावर आज विभाग नाही ही चूक या बायकांची नाही, आमची आहे.

अध्यक्षांनी विचारलं, "कोणाच्या नावापुढे कुठला आकडा होता, हे तुम्ही सांगू शकता?"

"नाही. हजारो नावं आहेत."

मग सरकारी वकील उठले. आवाज अगदी घरगुती. "दावेदारांमध्ये तुमची सख्खी बहीण आहे, बरोबर?"

"आहे."

"तिचा दावा मान्य झाला तर तिचा औषधोपचार सरकार करील. सध्या तो खर्च कोण करतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"एवढंच," वकील म्हणाले आणि बसले.

निर्णय यायला फार दिवस लागले नाहीत. तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला गेला. अभिलेखपालांची साक्ष प्रामाणिक असू शकते, परंतु त्या हितसंबंधी आहेत. विभागाचा लेखी पुरावा उपलब्ध नसल्याने दावे मान्य करता येत नाहीत. तथापि सार्वजनिक अभिलेखांच्या अवस्थेबद्दल मंडळ तीव्र चिंता व्यक्त करतं आणि त्यांच्या जतनासाठी पुरेसा निधी तातडीने द्यावा अशी शिफारस करतं.

मागच्या बाकावरच्या एका म्हातारीला नीट ऐकू आलं नव्हतं. तिने धाकटीला विचारलं, "निधी म्हणाले ना गं? म्हणजे पैसे मिळणार?"

"मिळणार," धाकटी म्हणाली. "कागदांना."

मंडळाची शिफारस वर पोचली आणि खरंच मानली गेली. बाईंच्या सगळ्या मागण्यांना जे जमलं नव्हतं ते त्यांच्या एका साक्षीने झालं. दुसऱ्या टप्प्याचं अनुदान आलं, पहिल्याच्या दुपटीहून मोठं. पुन्हा स्कॅनिंगसाठीच होतं, उरलेल्या कागदांचं. न्यायालयांची दप्तरं, दवाखान्यांची दप्तरं, अनाथाश्रमाची नोंदणी. यादीतला ठेकेदार तोच होता. तो स्वतःच्या नव्या गाडीतून आला आणि बाईंना वाकून नमस्कार करून म्हणाला, "या वेळी काही तक्रार येऊ देणार नाही, मॅडम. मशीन नवीन घेतलंय. पातं जर्मन आहे."

"उसवायला दर धरलाय?" बाईंनी विचारलं.

"यादी वरूनच आली आहे, मॅडम."

संचालक निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी स्वीकारपत्र पुढे ठेवलं. बाईंनी ते परत सरकवलं. "दवाखान्याची नोंदणीपुस्तकं शिवणीपर्यंत लिहिलेली आहेत. मी सही करणार नाही."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी स्वीकारपत्र उचलून उपसंचालकांकडे पाठवलं. पाणी पिऊन होईपर्यंत ते सही होऊन परत आलं. बाईंवर चौकशी लागली, दोन आरोपांची. पहिल्या टप्प्यात खात्री न करता सही केली आणि दुसऱ्या टप्प्यात कारण नसताना सही नाकारली. चौकशी संपेपर्यंत त्यांनी कामावर येऊ नये, असं ठरलं. अर्धा पगार मिळणार होता. धाकटीच्या औषधांना तो पुरत नव्हता, म्हणून नवऱ्याने संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या. त्याने बायकोला एका शब्दाने दोष दिला नाही, पण जेवताना तो आता वह्या पुढ्यात घेऊन बसायचा.

दुपारी बाई धाकटीकडे जाऊन बसू लागल्या. धाकटीच्या नाकाला आता नळी असायची आणि कोपऱ्यातलं यंत्र सारखं घुरघुरायचं. एकदा तिने आपणहून पांढऱ्या खोलीचं काढलं. कोण कुठे उभं राहायचं, कोण पोतं टोकाकडून फोडायची आणि कोण पोटातून, सुपरवायझरला सगळ्या मिळून काय म्हणायच्या. एकेकीचं नाव, तिची जागा, तिचं कुठल्या साली लग्न झालं. बाईंनी सवयीने पर्समधून पेन काढलं.

"ते ठेव आधी," धाकटी म्हणाली. "आता लिहून कोणाला दाखवणार आहेस?"

बाईंनी पेन ठेवलं. धाकटी दम घेत घेत सांगत राहिली. अर्ध्या नावांपाशी ती थांबायची आणि म्हणायची, ही गेली.

"दुसऱ्या टप्प्यावर सही कोणी केली शेवटी?" तिने मध्येच विचारलं.

"उपसंचालकांनी."

"काम सुरू झालं?"

"झालं."

"मग तू नाही केलीस म्हणून काय अडलं?"

"काही नाही अडलं."

"मग करायची होतीस," धाकटी म्हणाली. "पूर्ण पगार तरी आला असता." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती हिशेबी पहिल्यापासून होती. मग डोळे मिटून ती म्हणाली, "दोरीवरचे कपडे काढ तेवढे. माझे हात वर होत नाहीत."

बाई मागच्या बाजूला गेल्या. उन्हाने कपडे कडक झाले होते. त्यांनी एकेक काढून खांद्यावर टाकला आणि आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसून घड्या घालू लागल्या.